इल राजाच्या आधीचं अचलपूर: इतिहास आणि मराठी शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
अचलपूर आणि परतवाड्यातल्या शाळांत इतिहास आणि मराठी शिकवणारे सर्व सर आणि मॅडम यांस,

स. न. वि. वि.

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात बहमनी राज्याचे पाच तुकडे झाल्याचं वाक्य येतं. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बीदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. आपल्या गावातली मुलं हे वाक्य घोकून पाठ करतात, पेपरात जोड्या लावतात आणि मार्क घेतात. पण पहिल्या चार नावांपुढे शहर आहे आणि पाचव्यापुढे नुसता प्रांत. त्या प्रांताची राजधानी कुठे होती, हे पुस्तक सांगत नाही. ती आपण बसलो आहोत तिथेच होती, हे वर्गात तुम्ही सांगितलंत तरच मुलांना कळणार. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

गावाची माहिती विचारली की पोरं एक गोष्ट सांगतात. इल नावाचा जैन राजा होता, त्यानं १०५८ च्या सुमारास हे गाव वसवलं, म्हणून एलिचपूर, अचलपूरचंच दुसरं नाव. दुसरी गोष्ट दुल्हा रहमान शाहांची. गझनीच्या महमुदाच्या नात्यातला हा तरुण, लग्नाच्या बोहल्यावरून उठून इथे लढायला आला आणि इथेच पडला. बिच्छन नदीकाठी त्यांचा दर्गा आहे आणि गावाच्या परकोटाला दुल्हा दरवाजा आहे. दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या जातात, त्या ऐकवायलाच हव्यात. माझं म्हणणं एवढंच, की त्या दंतकथा म्हणून ऐकवाव्यात, आणि त्यांच्या शेजारी कागद, तांबं आणि दगड काय सांगतात तेही ठेवावं. कारण ते जे सांगतात ते दंतकथेपेक्षा जुनं आहे आणि, मला विचाराल तर, जास्त रंगतदारही आहे.

इल राजाचं साल १०५८ धरलं तर गाव त्याच्या कितीतरी आधीपासून नांदतं आहे. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई भागात तिवरखेड इथे राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट सापडला. राष्ट्रकूटांची ही वऱ्हाडातली शाखा वेरूळच्या कैलास लेण्याच्या राष्ट्रकूटांपेक्षा आधीची. ताम्रपट दिला आहे तो अचलपुराहून, आणि त्यावर शके ५५३, म्हणजे इसवी सन ६३१ चा काळ कोरला आहे. याच घराण्याच्या मुलताईच्या ताम्रपटावर शके ६३१, म्हणजे इसवी सन ७०९ आहे. दोन्हींतल्या वंशावळी आणि सालं एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणून अभ्यासक तिवरखेडच्या ताम्रपटाबद्दल वाद घालत आले आहेत. तो वादही मुलांना सांगा. इतिहास ठरतो कसा, हे त्यांना यातून जेवढं समजेल तेवढं दहा प्रश्नोत्तरांतून समजणार नाही.

ताम्रपट बाजूला ठेवला तरी जैन ग्रंथ आहेतच. नवव्या शतकातल्या जयसिंहसूरींनी अयलपुरच्या अरिकेसरी राजाचा उल्लेख केला आहे. तो दिगंबरांचा भक्त होता, असं ते लिहितात. त्यानंतरचा हरिषेण कवी चितोड सोडून आपल्या कामासाठी अचलपुरात आला आणि संवत १०४४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८८ ला, त्यानं अपभ्रंश भाषेत ‘धम्मपरिक्खा’ हा ग्रंथ लिहिला. गावाचं नाव तो ‘अचलउर’ असं लिहितो आणि त्याला विशेषण लावतो ‘जिणहर-पउर’, जिनमंदिरांनी भरलेलं. हजार वर्षांपूर्वी राजस्थानातला एक कवी कामधंद्यासाठी इथे येतो, इथे मुक्काम करतो, इथे ग्रंथ पुरा करतो. ज्या गावाकडे परगावची लिहिती माणसं ओढली जातात ते गाव त्या काळी काय असेल, याचा अंदाज मुलं आपणहून करतील. आणि हे सगळं इल राजाच्या सालाआधीचं आहे.

मुक्तागिरीला तुम्ही मुलांना सहलीला नेता. आता ती जागा मध्य प्रदेशात मोडते, पण जैन परंपरेच्या ‘निर्वाणकांडा’त तिचा पत्ता आपल्या गावावरून दिला आहे: ‘अच्चलपुरवरणयरे ईसाणे भाए मेढगिरिसिहरे’. अचलपूर या श्रेष्ठ नगराच्या ईशान्येला मेंढगिरीच्या शिखरावर. पुढच्या ओळीत तिथून मुक्त झालेल्यांची संख्या येते, ‘आहुट्ठयकोडीओ’, साडेतीन कोटी. आपल्या जुन्या मराठीत साडेतीनला ‘औट’ म्हणत आणि मुलांना औटकीचे पाढे पाठ करावे लागत. ते ‘औट’ याच ‘आहुट्ठ’चं. सहलीच्या बसमध्ये या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या, तर धबधब्याइतकीच आठवण त्यांचीही राहील.

आता मुख्य गोष्टीवर येतो. ‘अचल’चं ‘एलिच’ झालं कसं?

‘अचल’ म्हणजे डोंगर. गावाच्या उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा आहे, चिखलदऱ्याचा घाट तिथेच चढतो. डोंगराच्या पायथ्याचं नगर ते अचलपूर, हीच व्युत्पत्ती मला सरळ वाटते. त्या नावाचं पुढे काय झालं याची नोंद एका व्याकरणकारानं करून ठेवली आहे, आणि तो वऱ्हाडातला नव्हे, गुजरातचा. हेमचंद्राचार्य, बाराव्या शतकातले, पाटणचे. सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयानं त्यांनी व्याकरण रचलं आणि त्याचा आठवा अध्याय प्राकृताला दिला. त्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात अक्षरांची अदलाबदल होणारे शब्द एकामागून एक येतात. ‘वाराणसी’चं ‘वाणारसी’ होतं. ‘आलान’ म्हणजे हत्ती बांधायचा खांब, त्याचं ‘आणाल’ होतं. आणि मग सूत्र येतं: ‘अचलपुरे च-लोः’. अचलपूर या शब्दात ‘च’ आणि ‘ल’ जागा बदलतात, रूप होतं ‘अलचपुर’.

एका गावासाठी एक आख्खं सूत्र. संस्कृत-प्राकृताच्या व्याकरणात वाराणसीसारख्या नगराला जागा मिळते हे समजू शकतो, पण तिच्यामागोमाग आपलं गाव यावं! खरी मेजवानी तर पुढच्या सूत्रात आहे: ‘महाराष्ट्रे ह-रोः’. महाराष्ट्र शब्दात ‘ह’ आणि ‘र’ यांची अदलाबदल होते आणि रूप होतं ‘मरहट्ठ’. म्हणजे ज्या नियमानं महाराष्ट्राचे मरहट्टे झाले, त्याच नियमानं अचलपूरचं अलचपूर झालं, आणि हेमचंद्रांच्या पोथीत ही दोन सूत्रं मांडीला मांडी लावून बसली आहेत. आणखी थोडं पुढे गेलं की ‘लघुक’चं ‘हलुअ’ होतं, ज्याच्यापासून आपला ‘हळू’ आला. मराठी शिकवणाऱ्या मॅडम, व्याकरणाचा तास रुक्ष असतो अशी तक्रार करणाऱ्या मुलांना ही तीन सूत्रं फळ्यावर लिहून दाखवा. मग विचारा, घरी कोण ‘नुकसान’ला ‘नुसकान’ म्हणतं? कोणाचे आजोबा ‘मतलब’ऐवजी ‘मतबल’ म्हणतात? सगळा वर्ग हात वर करील. अशा बोलण्याला आपण अडाणी म्हणून हसतो. पण व्याकरणकारांनी तेच नीट ऐकलं, टिपलं आणि त्याला नियमाचा मान दिला. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात नाव फिरलं, यात गावाचा काही अपमान झाला नाही.

‘अलचपूर’ झाल्यावर पुढचा प्रवास सोपा आहे. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या लीळाचरित्रात ते ‘अळजपूर’ म्हणून भेटतं. मराठीचा पहिला गद्यग्रंथ आणि त्यात आपलं गाव. लीळाचरित्राशी जोडलेलं रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, आता तर तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. फारसी लिहिणाऱ्यांच्या हातात नाव गेलं तेव्हा त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नसत. त्यामुळे पहिलं अक्षर ‘अ’ वाचा, ‘इ’ वाचा की ‘ए’, वाचणाऱ्याच्या जिभेवर राहिलं. अलच, इलिच, एलिच ही रूपं त्यातूनच आली, असं मला वाटतं. इंग्रजांनी ते कानावर आलं तसं उचललं आणि कागदोपत्री कायम केलं. ‘इल’ राजा या नावातून मागाहून निघाला असावा. नाव आधीचं, राजाची गोष्ट नंतरची. अनेक गावांच्या बाबतीत असंच घडतं, लोक नावाचा अर्थ शोधतात आणि अर्थ सापडला नाही की राजा सापडतो. म्हणून राजाला खोटा ठरवू नका, पण त्याला गावाचा जन्मदाताही म्हणू नका.

इतिहासाच्या सरांसाठी आता थोडं चमकबद्दल. चमक हे अचलपूरच्या अगदी जवळचं गाव, तुमच्या वर्गात तिथून येणारी मुलंही असतील. १८६८ च्या सुमारास तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. यात अचलपूरचं नाव नाही, पण हे आपल्या परिसराचं सर्वांत जुनं बोलकं कागदपत्र आहे. आरंभीचा शब्द आहे ‘दृष्टम्’, म्हणजे पाहिलं, आज साहेब फाइलवर शेरा मारतात तसा. भोजकट राज्यात मधुनदीच्या काठी असलेलं ‘चर्मांक’ गाव, राजमानानं आठ हजार भूमी, राजाच्या अठराव्या वर्षी एक हजार ब्राह्मणांना दान दिलं, असा मजकूर आहे. हजार म्हटलं असलं तरी नावं एकोणपन्नासच कोरली आहेत.

या दानाबरोबर ज्या सवलती दिल्या त्या मुलांना वाचून दाखवाव्यात अशा आहेत. सरकारी शिपायांनी गावात शिरायचं नाही. गायीबैल मागायचे नाहीत. फुलं आणि दूध मागायचं नाही. कुरण, कातडी, कोळसा यांवर हक्क सांगायचा नाही. मिठाची खोदाई नाही. उलटं वाचलं तर कळतं, की इतर गावांकडून हे सगळं घेतलं जात होतं. राजांच्या लढाया पुस्तकात असतातच, पण पाचव्या शतकातला शेतकरी सरकारला काय काय देत होता, हे चमकच्या तांब्यावर लिहिलेलं आहे.

आणि शेवटी अटी आहेत. हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालेल, पण केव्हा? ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह केला नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार केला नाही, राजाला विष घातलं नाही, लढाई केली नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव दिला नाही तर. यातलं काही केलं किंवा करणाऱ्याला साथ दिली, तर जमीन काढून घेणाऱ्या राजाला चोरीचं पाप लागणार नाही. दानपत्रात अशी स्पष्ट तंबी क्वचितच दिसते. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे सगळे लेख एकत्र संपादून १९६३ साली प्रसिद्ध केले, त्यात हा ताम्रपट वाचनासह आहे. एक झेरॉक्स काढली की वर्गाचं काम झालं.

यादवांच्या काळात हे शहर किती कामाचं होतं ते अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीवरून कळतं. देवगिरीवर अचानक पडायचं होतं म्हणून तो आधी इथे येऊन थांबला आणि आपण दिल्लीवर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे नोकरीला चाललो आहोत अशी हूल त्यानं उठवली. नंतर झालेल्या तहात एलिचपूरचा वसूल दिल्लीला द्यायचं ठरलं. ती रक्कम थकली, आणि पुढे मलिक काफूर देवगिरीवर चालून आला त्याचं एक कारण तेच.

इमादशाहीवर मात्र घाई करू नका. तिचा संस्थापक फत्तुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी ब्राह्मण घरातला. लढाईत लहानपणीच बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी राहिला, स्वतः सुभेदार झाला आणि १४९० साली स्वतंत्र सुलतान. गाविलगड त्यानं मजबूत केला. त्या गडाच्या दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, विजयनगरच्या परंपरेतलं चिन्ह. मुलांना दरवाज्याखाली उभं करा आणि हा पक्षी वर दाखवा. एका माणसाच्या आयुष्यात किती मुलूख, किती भाषा आणि किती धर्म येऊन गेले, ते सांगायला दुसरं काही लागत नाही. आपल्या गावात कोण मूळचं आणि कोण बाहेरचं याची भांडणं मुलांच्या कानावर पडत असतात. ती ऐकायच्या आधी त्यांनी फत्तुल्लाची हकीकत ऐकलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्यामागे अल्लाउद्दीन, मग दर्या, मग अल्पवयीन बुऱ्हाण. बुऱ्हाणला त्याचाच कारभारी तुफालखान यानं नरनाळ्यावर कैदेत टाकलं आणि कारभार बळकावला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानं वऱ्हाड गिळलं. इमादशाही पुरती शंभर वर्षंही टिकली नाही, पण तिच्या काळातलं गाव आजही पाहता येतं. हौज कटोरा पाहा. गोल तलावाच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी मजलेदार इमारत गावापासून लांब नाही. आठ बाजूंची आकृती कागदावर कशी काढतात हे भूमितीच्या तासाला शिकवता, ती दगडात कशी उभी केली ते तिथे जाऊन मोजता येतं.

पुढे मुघल आले. अकबराच्या राज्यात वऱ्हाड हा सुभा झाला आणि अबुल फझलनं ‘आइने अकबरी’त इलिचपूर हे मोठं शहर आणि राजधानी असल्याची नोंद केली. ती करताना तो एका फुलाचा उल्लेख करतो: जमिनीलगत उगवणारं, अतिशय सुवासिक, ‘भूपन चंपा’. आपला भुईचाफा! साम्राज्याच्या हिशेबवहीत गावाचं फूल आलं आहे. शाळेच्या अंगणात भुईचाफ्याचे कंद लावायला फार खर्च येत नाही.

निजामाचे नवाब, १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीनं घेतलेला गाविलगड, देवगावचा तह, १८५३ नंतरचा इंग्रजी अंमल आणि परतवाड्याची छावणी, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, ते लांबवत नाही. एलिचपूर हा तेव्हा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अमरावतीत घातला. १९१३ मध्ये मूर्तिजापूरहून छोट्या रुळांची गाडी इथवर आली, जिला आपण शकुंतला म्हणतो. ती आता बंद पडली आहे. अचलपूर जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. पण जिल्हा मागणाऱ्या गावातल्या मुलाला आपलं गाव कधी आणि कशामुळे राजधानी होतं हे सांगता यायला हवं.

म्हणून काही कामं सुचवतो, जमतील ती घ्या. मुलांना घरातल्या जुन्या ट्रंका उघडायला सांगा. खरेदीखतं, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं यांवर गावाचं नाव कसं लिहिलं आहे ते टिपून आणू द्या. मोडी, उर्दू, इंग्रजी, बाळबोध, सगळं येईल. उर्दू शाळेतल्या मुलांनी मराठी शाळेतल्या मुलांना उर्दू अक्षरं वाचून दाखवावीत आणि मराठीच्या मुलांनी त्यांना हेमचंद्रांचं सूत्र समजावावं. बिलनपुरा, जीवनपुरा, सरमसपुरा, गावातल्या प्रत्येक पुऱ्याच्या नावामागची हकीकत तिथल्याच म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढावी. ऐकीव आणि लेखी असे दोन रकाने ठेवा. कोणती माहिती कोणत्या रकान्यात जाते यावर मुलं भांडतील, भांडू द्या.

हिवाळ्यातल्या सहलींचं ठरवायला तुम्ही दिवाळीनंतर बसाल. यंदा त्यातली एक सहल दूरच्या गावाला न नेता चमक, हौज कटोरा आणि गाविलगड अशी काढा. डब्याशिवाय काही लागणार नाही. मिराशींच्या ग्रंथातली ताम्रपटाची पानं आणि तिन्ही सूत्रांचं मराठी स्पष्टीकरण मी टाइप करून शाळाशाळांत आणून देईन, आणि कोणत्या दिवशी निघायचं ते तुम्ही सांगाल त्या दिवशी बरोबर येईन.

आपला नम्र,
एक अचलपूरकर